टेकडीच्या मागची खिडकी

८ जानेवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, मग खोडलं. तू पाया पडू देत नाहीस आणि मी पडतही नाही. नुसतं दादाच बरं.

एक कामाचं विचारायचं होतं, म्हणून लिहितेय. उगाच नाही. प्लास्टर ओलं असताना त्यात माती कालवली तर वाळल्यावर भेगा पडतात का? तुझ्या ओळखीचा तो गवंडी सांगेल. एवढंच.

पण एवढ्याशा प्रश्नासाठी अख्खं पाकीट कोण वाया घालवतं, म्हणून थोडं पुढचंही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "हं" म्हणतोस, त्या "हं"चा मी भलताच अर्थ काढते आणि तिसऱ्या वाक्याला आपण हमरीतुमरीवर. पत्रात तुला मध्ये बोलताच येत नाही. किती छान ना?

मी सध्या एका घड्याळवाल्या काकांकडे राहते. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली त्यांनी, आता दुकान बंद. घरात ते आणि काकू. मी आले होते त्यांच्या माडीवरच्या खोलीला रंग द्यायला. (त्याआधी रोपवाटिकेत होते, त्याआधी पडदे शिवणाऱ्या बाईकडे. त्याच्या आधीचं जाऊ दे.) खोलीत शिरले तर खोलीच नाही! भिंतीपासून भिंतीपर्यंत कमरेएवढं टेबल, आणि त्यावर रूळ. खरे रूळ, पण चिमणीच्या पायाला बसतील असले. सांधे, सिग्नल, फलाट. काकांनी एक बटण दाबलं आणि कोपऱ्यातून बोटाएवढी गाडी निघाली. माझ्या हातातला ब्रश तसाच वाळून गेला.

आता गंमत ऐक. एवढं सगळं आहे, पण खाली नुसती फळी. झाड नाही, गवत नाही, डोंगर नाही. काका आधी रुळांतच गुंतले, आणि मग त्यांचे हात कापायला लागले. काकू म्हणतात, "गाडी निघते फळीवरून, पोचते फळीवर. आतले प्रवासी बिचारे खिडकीतून काय बघत असतील? खिळे!"

काकांनी मला विचारलं, "तुला डोंगर करता येतो?"

मी म्हटलं, "येतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुला माहीतच आहे.

तेव्हा प्लास्टरचं तेवढं कळव. मी बरी आहे. तू?

भिंगरी

(अजून तेच नाव लावते. तूच ठेवलेलं आहेस, परत घेता येणार नाही.)


२३ जानेवारी

दादा,

भेगा पडतात. माझं मलाच कळलं. तू कळवलं नाहीस त्याबद्दल काही म्हणत नाही.

डोंगर कसा करतात सांगू? आधी लाकडाच्या पट्ट्या उभ्या करायच्या, उंच-सखल. त्यांच्यावर खुराड्याला लावतात ती जाळी वाकवायची. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातळ प्लास्टरात बुडवून एकेक चढवायची, आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवतात तशी, हलकेच. वाळलं की रंग. रंग म्हणजे नुसतं गढूळ पाणी, पुन्हा पुन्हा. ते आपोआप खाचांत उतरतं आणि खाच खोल दिसायला लागते. मग माती. माती म्हणून काय, तर चहाचा चोथा! वाळवून, चाळून. काकू आता दिवसातून पाच वेळा चहा करतात आणि वर मलाच सुनावतात, "डोंगरासाठी पिते हो मी, मला काही हौस नाही."

काकांचा एक नियम आहे. काहीही चिकटवायच्या आधी तिथे माणूस उभा करून बघायचा. माणूस म्हणजे तांदळाच्या चार दाण्यांएवढा एक रंगवलेला बाहुला. टोपी आहे, चेहरा नाही. त्याला सगळे 'साहेब' म्हणतात. झाड लावलं की साहेबांना शेजारी उभं करायचं. सावलीत मावले तर झाड पास. दगड ठेवला की साहेबांना विचारायचं, ओलांडता येतो का? परवा मी हौसेनं एक पायवाट केली. काकांनी साहेबांना वाटेवर ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ही वाट नाही, ही धावपट्टी आहे." पुसून टाकली.

दुपारी जेवण झालं की काका पेंगतात. तेव्हा मी हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवते आणि एक डोळा मिटते. मग हळूहळू मीच साहेबांएवढी होते. खिडकीतून ऊन येतं ते थेट दोन डोंगरांच्या मधून, आणि तिकडे संध्याकाळ होते. आमच्याकडे तीन वाजलेले, तिकडे दिवस मावळतोय! एखादी माशी येऊन शिखरावर बसली तर वाटतं, केवढा हा पक्षी. मी त्या उतारावरून चालते, चोथ्याचा वास येतो, पायाखाली काही वाजत नाही. परत यायला वेळ लागतो. एकदा काकूंनी हाक मारली तर मी खरंच "येते, उतरतेय" म्हणाले.

तर असं चालता चालता माझ्या लक्षात आलं, की ही टेकडी मला माहिती आहे.

मी कुठलीही एक टेकडी करायला घेतली होती. शपथ. पण डावा खांदा उतरता झाला, उजवीकडे बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा आला, आणि मध्ये, मी न ठरवता, तो सपाट दगड. ज्याला आपण पाट म्हणायचो. ज्यावर आई ओले कपडे पसरायची आणि आपण त्यांच्या मध्ये पडून राहायचो.

आता एक सांग. घरातून निघालेली वाट पाटाच्या डावीकडून वर जायची की उजवीकडून? मला डावी आठवते. पण नक्की नाही. वाट केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि काकांना मी सांगितलंय की माझ्या भावाला विचारलंय.

एक शब्द लिहिलास तरी चालेल.

भिंगरी


६ फेब्रुवारी

दादा,

पोस्टमन इथे दुपारी येतो. मी जिन्यात बसते. काकू म्हणतात, "वाट बघून माणूस येत नाही, आणि नाही बघितली तरी येत नाही. तेव्हा आत येऊन चहा पी. चोथा कमी पडतोय."

मी डावी धरली. वाट केली. साहेबांना चालवून बघितलं. चालले. पण पाटापाशी आले की कसे अवघडल्यासारखे दिसतात.

खडीचं लफडं झालंय. रुळांखाली खडी हवी, नाहीतर रूळ फळीवर ठेवल्यासारखे दिसतात. (ठेवलेलेच आहेत, पण दिसायला नको.) मी नदीची रेती आणली, धुतली, चाळली, रुळांच्या मधोमध शिंपडली. वाटलं, झकास. काकांनी साहेबांना तिथे उभं केलं. दादा, एकेक कण साहेबांच्या गुडघ्याएवढा! आणि चमकतो वर. काका म्हणाले, "असल्या दगडांतून गँगमन चालेल कसा? रेती गोल असते. खडीला धार हवी." बाजारात मिळते ती रंगवलेल्या लाकडाच्या भुशाची. ओली झाली की तरंगते. विटेची पूड करून बघितली, तर रेल्वेलाईन लालभडक झाली. काकू म्हणाल्या, "गाडीला गालिचा घातलास की काय?"

तेव्हा मला तू आठवलास. म्हणजे तुझं मशीन.

मी हे लिहिणार नव्हते. आता लिहिलंच आहे तर. मी शेवटची घरी आले आणि मागचं दार उघडलं, तेव्हा टेकडीचा अर्धा भाग जागेवर नव्हता. तिथे आभाळ होतं. तू म्हणालास, आईच्या आजारपणात खाणवाल्यांना दिली. आणि वर तू त्यांच्याच खडी मशीनवर कामाला. डोक्याला फडकं, भुवयांवर पांढरी पूड, म्हाताऱ्यासारखा. मी म्हटलं, "आपलीच टेकडी आपल्या हातानं फोडतोस?" तू म्हणालास, "दुसऱ्याच्या हातानं फोडली असती तर बरं वाटलं असतं का तुला?" मग मी काय बोलले ते तुला पाठ असेल. शेवटी तू म्हणालास, "जायचं तर जा एकदाची. सारखी ये-जा नको."

मी 'जा' तेवढं ऐकलं. 'ये' राहून गेलं.

बरं, विषय बदलते. काकांनी मला भिंतीवरचे लांबचे डोंगर रंगवायला शिकवलं. लांबच्या डोंगरावर झाड काढायचं नाही, दगड काढायचा नाही. नुसता निळा, पांढऱ्यात मिसळत गेलेला. जितका लांब तितका फिका. मी विचारलं, असं का? काकू दारातून म्हणाल्या, "अगं, दुरून डोंगर साजरे. शाळेत होतीस ना?"

होते, पण खिडकीजवळ.

त्या वाक्यानं मात्र माझा पुरता गोंधळ उडालाय. ही जी टेकडी मी करतेय, ती आपली आहे की लांबून दिसलेली? मला तिच्यावर काटे आठवत नाहीत. एवढं चढलो-उतरलो आणि एकही काटा नाही, असं असेल का?

भिंगरी


१४ फेब्रुवारी

दादा,

घोटाळा झाला.

टेकडीच्या पोटातून गाडी जाते. बोगदा. काकांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "डोंगर बंद करायच्या आधी मागच्या बाजूला खिडकी ठेव. हात जाईल एवढी. गाडी आत कधी ना कधी पडतेच." मी हो म्हटलं होतं. आणि मग तो डावा खांदा आला, वशिंड आलं, पाट आला, आणि मी पट्ट्या चढवत गेले, चढवत गेले. मागून-पुढून, सगळीकडून सारखी टेकडी. कुठेही हात शिरायला फट नाही. एवढी सुंदर झाली होती की काकासुद्धा विचारायचं विसरले.

काल पहिली फेरी. काकूंनी पदराला हात पुसून खुर्ची घेतली. काकांनी त्यांचं पहिलंवहिलं हिरवं इंजिन काढलं, घड्याळाच्या सुट्या भागांतून केलेलं, मागे तीन डबे. गाडी फलाटावरून निघाली, नदी ओलांडली, झाडांच्या मागे गेली, पुन्हा दिसली. खरंच सांगते, शिट्टी ऐकू आली मला, शिट्टी नसताना. मग ती टेकडीत शिरली. शेवटचा डबा दिसेनासा झाला.

आम्ही तिघं दुसऱ्या तोंडाकडे बघत बसलो.

"आली नाही," काका म्हणाले.

"येईल. चढ असेल आत," काकू म्हणाल्या.

मी टेकडीला कान लावला. आत चाकं फिरत होती, गाडी जागच्या जागी. बारीक, मधमाशीसारखा आवाज. काकांनी बटण बंद केलं आणि तोही थांबला. प्लास्टरचा एखादा टवका रुळावर पडला असणार. दोन्ही तोंडांनी तार घालून बघितली, पोचत नाही. बोगद्याला वळण आहे. तेही मीच दिलं, सुंदर दिसावं म्हणून.

काका म्हणाले, "फोडावी लागेल."

मी म्हटलं, "नाही."

"पोरी, ती कागदाची आहे."

"असू दे. ही एकदा फोडून झालीय."

त्यांना काय कळणार! ते खुर्चीत बसले, कापरे हात मांडीखाली दाबून. ते हिरवं इंजिन त्यांनी लग्नाच्या आधी केलंय म्हणे. मी जिन्यात येऊन बसलेय आणि पिशवी भरलीय. कुठली तरी बस मिळेलच. तुला माहितीय, पिशवी भरायला मला वेळ लागत नाही.


तोच दिवस, दुपार

पिशवी घेऊन खाली उतरले तर काकू दारात भाजी निवडत बसलेल्या. वरही न बघता म्हणाल्या, "निघालीस? जा. पण आधी इंजिन काढून दे. लोकांची गाडी डोंगरात टाकून कोणी जातं का?"

मग काय जाणार!


१५ फेब्रुवारी

दादा,

फोडली.

मागच्या बाजूनं, भिंतीकडून, जिथून कोणाला दिसत नाही. काकांनी टेबलाखालून सरकत मागे जाऊन बोटानं ठोकून जागा दाखवली. "इथे. इथे पोकळ वाजतंय. आधी हलकेच टोच, मग पातं आडवं धर. घाबरून ओढलंस की तडा पुढपर्यंत जातो." पहिला घाव घालायला मला कितीतरी वेळ लागला. पातं टेकवायचं, उचलायचं. मग एकदम कर्र असा आवाज आला आणि पांढरी पूड उडाली. माझ्या हातावर, केसांवर, भुवयांवर. काकू आत आल्या आणि हसायला लागल्या, "अगंबाई, म्हातारी झालीस!"

दादा, मी आरशात बघितलं. तूच होतास.

फोडताना हात कसा धरतात, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही. मी दारातून ओरडत होते आणि तू मशीन बंद करून ऐकत होतास.

आत अंधार होता. जाळी, पट्ट्यांवरची जुनी अक्षरं उलटी उमटलेली, प्लास्टरचे थेंब गोठलेले. टेकडी आतून इतकी साधी असते. मी हात घातला, चाचपडला, आणि बोटांना ते इंजिन लागलं. अजून थोडं कोमट वाटलं. नसणार, रात्र उलटून गेली होती. पण वाटलं.

"आली का?" काकांनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.

त्यांनी ते दोन्ही तळव्यांत घेतलं. त्यांचे हात कापत होते, तर इंजिनाची चाकं टिकटिक वाजायला लागली. काकू म्हणाल्या, "डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे इंजिन निघालं. नशीब म्हणायचं!" आणि चहा टाकायला गेल्या.

भिंगरी


२ मार्च

दादा,

तुझं पार्सल आलं.

आधी वाटलं, चुकून कोणाच्या सळया-बिळया आल्यात, एवढं जड. पोस्टमन म्हणाला, "दगड मागवलेत का काय?" उघडलं तर खरंच दगड! मशीनची पूड, जाड प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, जाड, बारीक आणि एकदम वस्त्रगाळ. प्रत्येक पिशवीवर तुझ्या त्या वाकड्या अक्षरात चाळणीचा नंबर. पत्र कुठे दिसेना. पिशव्या उलट्यासुलट्या केल्या, खोका झटकला. मग दिसलं. खोक्याच्या झाकणाला आतून पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला: "उजवीकडून."

एवढं लिहायला तुला अख्खा हिवाळा लागला! मी जिन्यातच बसून हसले आणि मग जरा वेळ हसले नाही.

मधल्या पिशवीतली चिमूटभर घेऊन रुळांत शिंपडली. काकांनी साहेबांना उभं केलं. भिंग लावून बघितलं. मग भिंग खाली ठेवलं. "धार आहे," म्हणाले. "रंग बघ. निळसर, आणि मध्येच तांबडी झाक. ही विकत मिळत नाही." मी म्हटलं, "ही टेकडीच आहे. हीच." आणि समोरच्या टेकडीकडे बोट दाखवलं. त्यांनी एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा टेकडीकडे, आणि काही विचारलं नाही. घड्याळवाले असे असतात. उघडलेल्या गोष्टीवर फुंकर मारत नाहीत.

डावीकडची वाट खरवडून काढली. उजवीकडून केली, तुझ्या वस्त्रगाळ पुडीची. साहेब पाटापाशी आले आणि थांबले, अगदी दमलेला माणूस थांबतो तसे. आणि वाट उजवीकडून गेल्याबरोबर काटेही आठवले. त्या वळणावर बोरीचं झुडूप होतं ना? माझा फ्रॉक तिथेच अडकायचा आणि तू खाली बसून एकेक काटा सोडवायचास, ओढायचा नाहीस. झाडूच्या काड्यांचं केलंय. साहेबांच्या टोपीला लागतं, म्हणजे बरोबर असणार.

आता रूळ खडीवर आहेत, खडी आपली आहे, आणि गाडी धावली की एक बारीक कुरकुर ऐकू येते, जी आधी नव्हती. दुपारी काका पेंगले की मी हनुवटी टेकवते. आता उजवीकडून चढते. पायाखाली वाजतं.

मागची खिडकी नीट केलीय. फोडलेल्या कडा घासून, चौकट लावून, वर उचलता येईल असं झाकण. झाकणाला मी गवत चिकटवलं, तर काका म्हणाले, "कशाला? मागून कोण बघतंय?" मी म्हटलं, "असू दे."

माप घेताना ते म्हणाले होते, "तुझा हात जाईल एवढी पुरे." मी म्हटलं, "नाही, जरा मोठी. माझ्या दादाचा पंजा रुंद आहे. करंगळी वाकडी आहे, तिला जागा हवी." भाकरीएवढा पंजा, टेबलावर रेखून दाखवला त्यांना, आठवणीनं.

काकूंनी विचारलं, "येणार आहे का तो? कळवलंय त्यानं?"

मी म्हटलं, "कळवलं नाही. खडी पाठवलीय."

काकू म्हणाल्या, "एवढं ओझं पोस्टापर्यंत वाहिलंय, म्हणजे निम्मी वाट तर चाललाच की."

पिशवी मी परत रिकामी करून खुंटीला टांगलीय. तू म्हणाला होतास, सारखी ये-जा नको. बरं, मी कुठे जात नाही. तू ये.

हिरवं इंजिन आज सकाळी मी टेकडीत नेऊन थांबवलंय. पडलेलं नाही, नुसतं थांबलंय. काकांना विचारून. ते म्हणाले, थांबू दे. तू आलास की झाकण उचल, हात घाल, जरा डावीकडे वळव. बोटांना लागेल.

भिंगरी